शाळा उघडण्याचा दिवस आणि करवीरचा पालक

उन्हाळ्याची सुटी संपते आणि जूनच्या मध्यास शाळा पुन्हां उघडतात. त्या दिवशीं सकाळीं कोल्हापुरांतील घराघरांतून जी धांदल उडते, तिचें वर्णन करण्याची आवश्यकता नाहीं. नवीं पुस्तकें, त्यांना घालण्यासाठीं आणलेला तपकिरी कागद, गेल्या वर्षींचा आखूड झालेला गणवेश, आणि पहिल्या सरीबरोबरच सांपडेनाशी झालेली छत्री! महिना-दीड महिना रंकाळ्याच्या कांठीं आणि आंब्यांच्या अढीभोंवतीं हुंदडलेलीं मुलें त्या दिवशीं एकाएकीं शहाणीं दिसूं लागतात. तीं वळणावरून दिसेनाशीं झालीं म्हणजे त्यांची आई किंवा बाप घटकाभर दारांतच उभा राहतो. घर शांत झालें याचें समाधान आणि घर रितें झालें याची हुरहूर, या दोन्ही गोष्टी त्या वेळीं मनांत एकदमच येतात. त्यांतली खरी कोणती, हें ज्याचें त्यालाहि सांगतां येत नाहीं.

हा दिवस इतका अंगवळणीं पडला आहे कीं, त्यालाहि कांहीं इतिहास असेल असें कोणाच्या मनांत येत नाहीं. शाळांचे इतिहास लिहिले जातात तेव्हां त्यांत संस्थापकांचीं नांवें येतात, इमारतींचीं वर्णनें येतात, नामांकित विद्यार्थ्यांच्या याद्या येतात. दारांत उभ्या राहिलेल्या पालकाचा उल्लेख मात्र क्वचितच येतो. वस्तुतः मुलाला शाळेंत धाडण्याचा निर्णय त्याचाच असतो आणि त्या निर्णयाची किंमतहि तोच मोजतो. करवीर संस्थानांत ही किंमत काय होती, ती कोणीं दिली, आणि पुढें एका राजानें पालकाच्या या खासगी निर्णयांत हात कां घातला, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे.

कोल्हापूरच्या दक्षिणेस सुमारें सहा कोसांवर कागल हें जहागिरीचें गांव. गोपाळ कृष्ण गोखले यांचे वडील कृष्णराव तेथें नोकरीस होते. १८७९ सालीं ते वारले. गोपाळराव त्या वेळीं अवघे १३ वर्षांचे होते. थोरले बंधु गोविंदराव हेहि शिकतच होते आणि त्यांचें वय १८ च्या आसपास होतें. त्यांनीं आपलें शिक्षण सोडून दिलें आणि कागल येथें दरमहा १५ रुपयांची नोकरी पत्करली. त्या १५ रुपयांपैकीं ८ रुपये ते कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्या भावाकडे पाठवीत आणि उरलेल्या ७ रुपयांत घर चालवीत. म्हणजे घरची मंडळी एका पारड्यांत आणि शिकणारा एकटा मुलगा दुसऱ्या पारड्यांत घातला, तर मुलाचें पारडें जड! आजच्या पालकानें हा हिशेब एकदां आपल्या पगारावर मांडून पाहण्यासारखा आहे.

इकडे कोल्हापुरांत गोपाळराव हातानें स्वयंपाक करून राहत. एका मित्रानें त्यांना नाटकास नेलें. आपण पाहुणे म्हणून आलों असें त्यांना वाटलें, परंतु मागाहून मित्रानें तिकिटाचे पैसे मागितले, आणि ते भरून काढण्यासाठीं दिव्याचें तेल वांचवून त्यांनीं रस्त्यावरील दिव्याखालीं अभ्यास केला, अशी गोष्ट त्यांचे चरित्रकार सांगतात. १८८१ सालीं ते मॅट्रिक झाले. आतां आपण नोकरी धरावी आणि भावाचा भार हलका करावा, असें त्यांच्या मनानें घेतलें होतें. तें भावानें ऐकलें नाहीं आणि वहिनीनेंहि ऐकलें नाहीं. वहिनीनें आपल्या अंगावरचे दागिने पुढें केले, आणि गोपाळराव राजाराम कॉलेजांत दाखल झाले. त्या माउलीचें नांव इतिहासाच्या पुस्तकांत शोधूं गेल्यास सहसा सांपडत नाहीं.

तथापि हें घर लेखणीवर पोट असलेलें घर होतें. अशा घराला शाळेचा अर्थ कोणी समजावून द्यावा लागत नव्हता. शिकलेला मुलगा उद्यां कचेरींत बसेल आणि आज पाठविलेले ८ रुपये घरांत परत येतील, एवढा विश्वास त्या पंधरा रुपयांच्या संसारालाहि होता. करवीरच्या कुणब्याला, धनगराला किंवा गांवकुसाबाहेर राहणाऱ्याला हा विश्वास कोठून असणार? त्याच्या आज्यापणज्यांत कोणी शाळेंत गेलेला नव्हता. शिवाय त्याची अडचण निराळीच होती, आणि ती पैशाची नसून पंचांगाची होती.

जूनच्या ७-८ तारखेस मृग नक्षत्र लागतें. करवीरच्या बाजूस भाताची धूळवाफ पेरणी त्याच्या आगेमागें उरकावी लागते. पाऊस लागला म्हणजे कोळपणी आणि भांगलण. पन्हाळ्याकडे व डोंगरपट्ट्यांत चिखल करून रोपांची लावण. हें काम कोणासाठीं थांबत नाहीं. आठ-दहा वर्षांच्या मुलाचें मोल घराला वर्षांत कधीं कळत असेल, तर तें याच दिवसांत. उगवलेल्या पिकावरून गुरें दूर राखावयाचीं तीं त्यानेंच, डोक्यावर इरलें घेऊन बांधावर दिवसभर बसावयाचें तेंहि त्यानेंच. रानांत भाकरी पोंचविणें आणि आई वाफ्यांत वांकलेली असतां धाकट्या भावंडाला सांभाळणें हीं कामें मुलीकडे. चैत्र-वैशाखांत हीं मुलें मोकळीं असतात, तेव्हां शाळेला सुटी! आणि घराला त्यांची गरज लागते, नेमकी तेव्हां शाळेची घंटा वाजते! शहरांतील पालकाला शाळा उघडण्याचा दिवस सुटकेचा वाटतो. शेतकऱ्याच्या घरीं त्याच दिवशीं दोन हात कमी होतात.

ही अडचण आपल्याच देशांत होती असें नाहीं. इंग्लंडांत १८८० सालीं मुलांची हजेरी सक्तीची झाली, त्यानंतरहि केंट परगण्यांत होप नांवाच्या वेलीचीं बोंडें तोडण्याचा हंगाम आला म्हणजे शाळांचे वर्ग ओस पडत. लंडनच्या गरीब वस्तींतील आया मुलांना घेऊन सबंध कुटुंबानिशीं त्या तोडणीस जात. कायदा झाला म्हणून पोट थांबत नाहीं.

कोल्हापुरांत रस्त्यावरच्या दिव्याखालीं वाचणारे गोपाळराव पुढें वरिष्ठ कायदेमंडळांत गेले, आणि १६ मार्च १९११ रोजीं त्यांनीं तेथें प्राथमिक शिक्षणाचें बिल मांडलें. बिल अत्यंत बेताचें होतें. सक्ती फक्त ६ ते १० वर्षांच्या मुलांवर. तीहि स्थानिक संस्थेनें मागितली आणि सरकारनें मान्य केली तरच. ज्या पालकाचें उत्पन्न दरमहा १० रुपयांहून अधिक नाहीं त्याला फी माफ. एवढ्यावरहि केवढें काहूर माजलें! सरकारी पक्षाचें म्हणणें असें कीं, लोकांची अशी मागणी नाहीं आणि तिजोरींत पैसाहि नाहीं. मुलें शाळेंत गेलीं तर शेतांत राबणार कोण, ही धास्ती जमीनदारवर्गाला होती. १९१२ च्या मार्चमध्यें मतें घेतलीं गेलीं तेव्हां बिलाच्या बाजूनें १३ आणि विरुद्ध ३८ पडलीं. कागलहून येणाऱ्या आठ रुपयांची आठवण या बिलाच्या मागें होती असें म्हणणें हा केवळ तर्क होईल; परंतु १० रुपयांची मर्यादा ज्यानें सुचविली, त्याला १५ रुपयांचा संसार ठाऊक होता, इतकें निश्चित.

१९१५ सालीं गोखले वारले. त्यांचें बिल फसलें असलें तरी तें काम कोल्हापुरानेंच हातीं घ्यावें असा योग होता, आणि तें ज्यानें हातीं घेतलें तो पुरुषहि कागलच्याच घाटगे घराण्यांतला. राजर्षि शाहू छत्रपति यांचा जन्म २६ जून १८७४ चा. आई गेली तेव्हां ते तीन वर्षांचे होते. १८८४ सालीं ते दत्तक गेले, आणि पुढच्याच वर्षीं राजकुमार कॉलेजांत शिकण्यासाठीं त्यांची रवानगी दूर काठेवाडांत, राजकोटास झाली. तेथील शिक्षणाच्या काळांतच १८८६ सालीं त्यांचे जन्मदाते वडीलहि वारले. घर सोडून शिकावयास जाणें म्हणजे काय, हें या राजाला पुस्तकांतून समजून घ्यावें लागलें नाहीं.

खेड्यांतील पालकाच्या मनांतली पहिली भीति अंतराची होती. गांवची मराठी शाळा संपली कीं पुढील शिक्षण कोल्हापुरांत. १८९१ सालीं मिरजेहून कोल्हापुरापर्यंत आगगाडी आली, तेव्हां प्रवास सोपा झाला. पण गाडीतून उतरलेला मुलगा राहणार कोठें? कोणाच्या घरीं जेवणार? त्याला पंक्तीस कोण घेणार? सर्वांसाठीं खुलें असें एक वसतिगृह राजाराम कॉलेजाला जोडून काढून पाहिलें होतें. परंतु थोड्याच काळांत तेथें एकाच जातीचे विद्यार्थी उरले. तेव्हां महाराजांनीं दुसरी वाट धरली. १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें. त्यामागून जैन, मुसलमान, लिंगायत इत्यादि समाजांचीं वसतिगृहें उभीं राहिलीं, आणि १९०८ सालीं अस्पृश्य गणलेल्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झालें. ज्यावर संस्थानचा आश्रय नाहीं असें एकहि वसतिगृह या शहरांत त्या काळीं शोधून सांपडणें कठीण.

जातवार वसतिगृहें काढून महाराजांनीं जातिभेद वाढविला, असा आक्षेप तेव्हांहि घेतला गेला आणि नंतरहि घेतला गेला. हा आक्षेप घेणारांनीं त्या बापाच्या जागीं क्षणभर उभें राहून पाहावयास हवें होतें. ज्याला शहरांत एकहि ओळखीचा माणूस नाहीं, त्याला मुलगा कोठें सोडतों आहों एवढा भरंवसा हवा होता. आणि त्या काळीं तो भरंवसा ओळखीच्या पंक्तींतच मिळत असे. समाजसुधारणेची वाट पालकाच्या विश्वासावरून जाते, तो विश्वास ओलांडून नव्हे, असेंच महाराजांनीं मानलें असावें. या वसतिगृहांतून पुढें काय निघालें याचें एकच उदाहरण पुरे. कुंभोजचे भाऊराव पाटील कोल्हापुरच्या जैन बोर्डिंगांत राहून राजाराम हायस्कुलांत शिकत होते. परीक्षांत त्यांना यश आलें नाहीं आणि मॅट्रिक न होतांच त्यांची शाळा सुटली. त्याच भाऊरावांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली, आणि खेड्यांतल्या मुलांसाठीं सर्व जातींचीं एकत्र वसतिगृहें चालवून दाखविलीं. जूनमध्यें मुलाचें प्रगतिपुस्तक पाहून खिन्न झालेल्या पालकांनीं ही हकीकत जरूर लक्षांत ठेवावी.

परंतु वसतिगृहांत येणारा मुलगा म्हणजे ज्याच्या बापानें त्याला पाठविण्याचें आधींच ठरविलें तो मुलगा. ज्याचें ठरतच नव्हतें त्याचें काय? बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १८९३ सालीं अमरेली भागांत सक्तीचा प्रयोग केला होता आणि १९०६ सालीं तो सबंध राज्यास लागू केला होता. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं करवीर संस्थानांत सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. फी नाहीं, मात्र मूल शाळेंत न पाठविल्यास पालकाला दरमहा १ रुपया दंड. ४ मार्च १९१८ रोजीं करवीर पेट्यांतील चिखली या गांवीं या योजनेखालील पहिली शाळा उघडली.

गरिबाला दंड करणें हें ऐकावयास कठोर वाटतें, आणि कठोर तें होतेंच. एका रुपयाची किंमत शेतमजुराच्या घरीं किती होती, हें महाराजांना ठाऊक नव्हतें असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु या दंडाची दुसरी बाजूहि आहे. मुलाला शाळेंत पाठवावें असें ज्या बापाच्या मनांत असे, त्यालाहि घरचे वडीलधारे, भाऊबंद आणि ज्याच्या शेतांत तो राबे तो मालक, या सर्वांस तोंड द्यावें लागे. ‘पोर शाळेंत कशाला? गुरें कोण बघणार?’ या प्रश्नाला त्याच्यापाशीं उत्तर नव्हतें. आतां त्याला उत्तर मिळालें: न पाठवूं तर रुपया भरावा लागतो. सरकारचा धाक हीच पुष्कळदां दुबळ्याची ढाल होते. स्वतंत्र भारतांत २००९ सालीं जो शिक्षणहक्काचा कायदा झाला, त्यानें मुलाला शाळेंत दाखल करणें हें पालकाचें कर्तव्य ठरविलें, परंतु दंड ठेवला नाहीं. नव्वद वर्षांत एवढें अंतर पडलें. दंडाची गरज ज्यांनीं संपविली, त्यांत दंडाच्या धाकानें शाळेंत गेलेल्या मुलांचा वांटा केवढा असेल!

चिखलीची शाळा मार्चमध्यें उघडली, तेव्हां सुगी आटोपलेली होती. शाळेची खरी कसोटी त्यापुढच्या मृगांत लागणार, हें उघड होतें. चिखली हें नद्यांच्या संगमावरचें, पुराच्या तोंडचें गांव. आणि तें १९१८ सालहि साधें नव्हतें. देशभर पाऊस फसला, दख्खनमध्यें दुष्काळ पडला, धान्य महागलें, आणि पावसाळा सरतां सरतां इन्फ्लुएंझाची सांथ मुंबई इलाख्यांतून वणव्यासारखी फिरली. तरण्याताठ्या माणसांनाच तिनें अधिक ओढून नेलें. कित्येक घरांत मुलाला शाळेंत पाठवावें कीं नाहीं, हा निर्णय घेणारेंच माणूस उरलें नाहीं.

राजवाड्यावरचा घाला त्याच्या आधींच पडला होता. १२ जून १९१८ रोजीं, ऐन मृगांत, महाराजांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी रानडुकराच्या शिकारींत घोड्यावरून पडून मरण पावले. त्यांचें वय १९ वर्षांचें होतें आणि लग्न होऊन एकच वर्ष झालें होतें. संस्थानांतल्या प्रत्येक बापानें आपलें मूल शाळेंत पाठविलें पाहिजे असा हुकूम काढून वर्ष होतें न होतें तोंच हुकूम काढणाऱ्या बापाच्या घरांत असा अंधार पडला. योजना मात्र थांबली नाहीं. पुढें १९२० सालीं जें नवें मराठा वसतिगृह निघालें, त्याला प्रिन्स शिवाजींचें नांव दिलें गेलें.

दुसऱ्या वर्षीं, म्हणजे १९१९ सालीं, महाराजांनीं आणखी एक हुकूम काढला. अस्पृश्यांच्या मुलांसाठीं ज्या वेगळ्या शाळा होत्या त्या बंद करून तीं मुलें सर्वांच्या शाळेंत बसवावीं, असा तो हुकूम. वेगळी शाळा ही दयेची शाळा; तींत मूल सुरक्षित असे, पण वेगळेंच राही. आतां गांवकुसाबाहेरच्या बापाला आपलें मूल गांवाच्या शाळेंत धाडावयाचें होतें. तेथें त्याला कोठें बसवितील, पाणी कोण वाढील, पाटी कोण तपाशील, हे प्रश्न त्या दिवशीं त्याच्या मनांत आले नसतील हें शक्य नाहीं. शाळेच्या पहिल्या दिवशीं दारांत उभ्या राहणाऱ्या सर्व पालकांत अधिक धैर्य कोणाला लागलें, असें विचाराल तर उत्तर याच बापाचें नांव घेऊन द्यावें लागेल. आणि त्याचें नांव कोणीं लिहून ठेवलेलें नाहीं.

मुलींच्या बाबतींत कोल्हापूरची परंपरा थोडी जुनी आहे. रखमाबाई केळवकर या संस्थानांत स्त्रीशिक्षणाचें काम पाहत आणि त्यांनीं आपली मुलगी कृष्णाबाई हिला वैद्यकी शिकविली. ती डॉक्टर होऊन कोल्हापुरच्याच रुग्णालयांत काम करूं लागली. आईनें दिलेल्या शिक्षणाचा हा प्रकार सुखाचा. दुसरा प्रकार दुःखांतून निघाला. प्रिन्स शिवाजी गेले तेव्हां त्यांच्या पत्नी इंदुमतीदेवी या अवघ्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या. सासवडच्या जगतापांची ही मुलगी. त्या वयाच्या विधवेपुढें त्या काळीं रूढीनें कोणता मार्ग ठेवला होता, हें सांगावयास नको. आणि राजघराण्यांत तर तो अधिकच अरुंद. महाराजांनीं तो मार्ग नाकारला. शहराबाहेर सोनतळी येथें त्यांनीं सुनेला ठेवलें आणि तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली. एकटीला अभ्यासाचा कंटाळा येईल म्हणून निरनिराळ्या जातींच्या चार मुली तिच्याबरोबर शिकावयास ठेवल्या. तिनें डॉक्टर व्हावें अशी महाराजांची इच्छा होती. पाठीं कसे चालले आहेत याची चौकशी ते पत्रांतून करीत.

सक्तीच्या शाळांची आकडेवारी पाहूं गेल्यास १९१७-१८ मध्यें शाळा २७ आणि विद्यार्थी १,२९६ होते. १९२१-२२ मध्यें शाळा ४२० आणि विद्यार्थी २२,००७ झाले. हे आकडे संस्थानच्या कर्तबगारीचे म्हणून दिले जातात, आणि तसे ते आहेतच. परंतु २२ हजार मुलें म्हणजे तितकींच गुरें राखणारीं, भाकरी पोंचविणारीं, भावंडें सांभाळणारीं मुलें. त्यांचें काम त्या सकाळीं घरांतल्या दुसऱ्या कोणीतरी उचललें; बहुतेक ठिकाणीं आईनें.

६ मे १९२२ रोजीं, ऐन उन्हाळ्यांत, शाहू महाराज मुंबईस वारले. त्या वेळीं त्यांचें वय ४८ वर्षेंहि पुरें झालेलें नव्हतें. मृगाला महिनाभर अवकाश होता. सोनतळीची विद्यार्थिनी त्यांच्या मागें शिकत राहिली, मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाली, आणि पुढें तिनेंच कोल्हापुरांत मुलींच्या शिक्षणासाठीं संस्था काढल्या.